वकिलांच्या पेटीतले लाल मासे

१

ऐक, आता नुसतं ऐक. मधी तोंड घालू नको, अन् कुणी केलं म्हणून आधीच विचारू नको. हे प्रकरण असलं आहे की सांगता सांगता माझंच डोकं गरगरतं.

आपला मुलूख हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला ना, त्याच्या पुढच्या सालातली गोष्ट. परभणीत वसमत रस्त्याला दत्तोपंत वकिलांचं घर होतं. शनिवारची सकाळ. वकिलांची एकुलती एक लेक हेमा अजून गोधडीतच. उन्हं तोंडावर आल्याबिगर ती उठायचीच नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक. अन् एकदम दिवाणखान्यातून आरोळी आली, “राजा गेला! बन्सीधर, राजाही गेला!”

हेमा धडपडत उठली. येऊन बघायली तर अण्णा, म्हणजे दत्तोपंत, धोतराचा सोगा मुठीत धरून काचेच्या पेटीपुढं उभे. त्यांचा मुन्शी बन्सीधर कंदील घेऊन पेटीत डोकावायलाय. भर सकाळी कंदील!

ही पेटी म्हणजे ट्रंकेएवढी. लोखंडी चौकट, चारी अंगांनी काच, वरून जाळीचं झाकण. आत वाळू, दगड, पाणी अन् मासे. तुला वाटंल, ब्राह्मणाच्या घरात मासे? खायला नाही गं, बघायला! नव्या राज्याच्या कसल्याशा कामाला अण्णा पहिल्यांदाच मुंबईला गेले, तिथं एका दुकानात हे मासे बघितले अन् येडेच झाले. आफ्रिकेतले मासे. कुंकवासारखे लाल, अंगावर निळे ठिपके, जशा टिकल्या डकवल्यात. असे चार आणले. मनमाडवरून रेल्वेनं, पत्र्याच्या डब्यात, रातभर हातानं पाणी हलवत. बन्सीधरनं त्यांची नावं ठेवली राजा, वजीर, चोर, शिपाई. अन् आपल्याकडून जोडीला दुधना नदीतले दोन मिशावाले मातकट मासे आणून सोडले.

सोमवारी चोर गायब झाला. गुरुवारी वजीर. आज राजा. उरला एकटा शिपाई. मिशावाले दोघं जसेच्या तसे.

झाकण जागेवर. पेटीत मेलेला मासा नाही, काटा नाही, काही नाही. मग अण्णांना मागच्या दाराच्या पायरीवर काय सापडलं असंल? एक लाल खवला. चकचकीत.

अन् मागच्या दारानं पहाटे कोण येतं? केवळाबाई. आडाचं पाणी शेंदायला.

“केवळाबाई,” अण्णांनी खवला तळहातावर धरला, “मासे कुठं आहेत?”

“म्या काय करू त्येंचं, अण्णा?”

“पंधरा दिवसांमागं काय म्हणाली होतीस? सगळ्यांदेखत?”

केवळाबाईचं तोंड उतरलं. म्हणाली होती ती. पेटी आली त्या दिवशी काचेला नाक लावून म्हणाली होती, “अगं बया, येवढ्या लालभडक माशाचं कालवण काय लागत असंल!” सगळे हसले होते. अण्णाही.

“मस्करी केली हो अण्णा. लेकरागत पाळलेले मासे कुणी खाईल व्हय?”

“ते कळेलच,” अण्णा म्हणाले. “ज्या घरात चोरी खपते त्या घराचा वकील मी नाही. सोमवारच्या दिवेलागणीपर्यंत खरं बाहेर आलं तर ठीक. नाहीतर येडबाचा वकालतनामा परत!”

केवळाबाई मटकन खाली बसली.

२

येडबा म्हणजे केवळाबाईचा नवरा. मेंढरं राखायचा. पेडगावच्या एका बड्या असामीनं फिर्याद केली होती की माझे दोन एडके येडबानं आपल्या कळपात मिसळले. मंगळवारी परभणीच्या कोर्टात तारीख. अण्णा उभे राहिले नाहीत तर येडबा आत जाणार, अन् येडबा आत गेला की मेंढरं कोण वळणार? सगळा कळप इकडंतिकडं होणार. त्या घराला दुसरं काही नव्हतंच.

अन् हेमाचं कसं होतं, तिची आई ती तान्ही असतानाच गेलेली. घर सांभाळायला अण्णांची थोरली विधवा बहीण आली, मनकर्णाआत्या. पण आत्या कायम सोवळ्यात, पोरीला उचलणार कधी? उचललं ते केवळाबाईनं. हेमा तिच्या कडेवर वाढली.

“अण्णा,” हेमा म्हणाली, “मी करते चौकशी.”

“तू जिरह करणार?” निजामाच्या कोर्टात उर्दूत वकिली केलेला माणूस. उलटतपासणीला अजून जिरहच म्हणायचे. “कर. माझ्यापासूनच सुरू कर.”

“माशानंच मासे मारले नसतील कशावरून?”

अण्णा असे हसले, जसा कच्चा गवाह तावडीत सापडला. “एक, मारकुटा असता तर आधी ते मिशावाले गरीब मासे मारले असते. त्यांच्या अंगावर ओरखडा नाही. दोन, प्रेत कुठं आहे? मासा मासा खाईल, पण डोकं, काटे, काहीतरी टाकील का नाही? प्रेत नाही म्हणजे खून नाही. चोरी! अन् तीन, ही वाळू बघ.”

पेटीच्या कोपऱ्यात वाळूत खड्डा होता. मुठीनं उपसावी तसा.

“चोराचा हात,” अण्णा म्हणाले. “रोज सकाळी नवा खड्डा असतो.”

“अन् हे चौघं आपसात भांडले असतील तर?”

“भांडतील कसे? मी पारखून घेतलेत. तो दुकानदार म्हणायचा, साहेब, रंग निराळा बघून घ्या, अंगलट निराळी घ्या, अन् दगड असे मांडा की एकाला दुसरा सारखा दिसू नये. मी म्हटलं, तुझा पडून राहिलेला माल खपवायलास काय? मी एका देशाचे, एका रंगाचे, एका उंचीचे चार निवडले. सख्खे भाऊ दिसतात. भाऊ कशाला भांडतील?”

कोपऱ्यात बन्सीधरला ठसका लागला. पदरचा मुन्शी तो, जन्मभर अण्णांच्या दप्तरात भावाभावांच्या वाटणीचे दावे उतरवलेला.

“काय झालं?” अण्णा म्हणाले.

“काही नाही साहेब. सुपारी लागली.”

मग हेमानं बन्सीधरला धरलं. त्याचं झोपणं पेटीशेजारीच. आधी तिथं त्याचं मेज होतं, पेटी आली अन् मेज ओसरीत गेलं. त्याला राग असणारच.

“बन्सीकाका, खरं सांगा. पेटीचा राग येतो का नाही?”

“येतो की! ओसरीत वाऱ्यानं कागद उडतात माझे. पण हेमाताई, मासे चोरून मी करू काय? मी तर माळकरी माणूस.” मग इकडंतिकडं बघत पुढं सरकला. “एक सांगू का? हसू नका. पहाटे मी दिवा लावून कागद बघत बसतो ना, तेव्हा पेटीतून आवाज येतो. ठक. ठक. ठक. जसं आतून कुणी दार वाजवायलंय.”

“मग उठून बघितलं नाही?”

“दिवा फुंकला अन् डोक्यावरून पांघरूण घेतलं.”

हेमानं कपाळाला हात लावला. माशानं दार वाजवलं, हा काय पुरावा झाला? अन् तेवढ्यात तिचं ध्यान पेटीकडं गेलं. मघाशी अण्णांशी बोलता बोलता तिनं तो खड्डा पळीच्या दांड्यानं बुजवला होता, स्वतः, सगळ्यांदेखत. त्यानंतर पेटीजवळ कुणी फिरकलं नव्हतं.

अन् वाळूत पुन्हा खड्डा होता.

३

बरं, पुढं ऐक. हेमा आडावर गेली. केवळाबाई रहाटावर पाणी ओढायली अन् डोळ्यांतून पाणी गाळायली, दोन्ही एकदम.

“हेमाबाय, तुमी तरी इस्वास ठिवा.”

“ठेवते गं. पण मला सांग, तुझ्या हाताला रोज माती का असते?”

“गांडुळं काढते की. त्या लाल देवांना न्याहारी नगं का? हितं मोरीच्या वल्या मातीत लय गावतात.”

“जास्वंदीखाली खणत नाहीस?”

“तितं कोरडं ठाक. गांडूळ काय, मुंगी न्हाई.” तिनं घागर कठड्यावर आदळली. “अन् मला येळ तरी कुटं हाय? ह्या हप्त्यात आत्याबाईंनी हात तोडून ठिवलेत माझे. एकदा न्हातात, सोवळं नेसतात, अन् घडीभरानं पुन्हा म्हणतात, केवळे, आणिक पाणी काढ, मला न्हायचंय. आवस न्हाई, गिऱ्हाण न्हाई, घरात सुतक न्हाई. सोमवारी तेच, बेस्तरवारी तेच, अन् आज बी तेच.”

आता तुला ऐकताना कळलं असंल, नसंल. हेमाला तेव्हा नाही कळलं. तिचं सगळं ध्यान जास्वंदीकडं होतं. कारण आडापासून जास्वंद दिसायची, अन् तिच्या बुडाशी माती ताजी उकरलेली होती. केवळाबाई म्हणते मी तिथं खणत नाही. मग कुणी खणलं?

ती स्वयंपाकघराच्या दारात गेली. आत जायची सोय नाही, हिची आंघोळ झालेली नव्हती.

“आत्या, मासे कुणी नेले असतील गं?”

“मला काय विचारतीस? मी त्या पेटीला शिवतसुद्धा नाही. तुझ्या बापानं पहिल्याच दिवशी बजावलंय, आत्यानं पेटीला हात लावायचा नाही.” आत्या भाकरी थापता थापता बोलायली, पण आज भाकरी काही गोल होईना. “अन् तू अशी पारोशी उभी राहू नकोस दारात. आंघोळ कर.”

“केवळाबाईनं नेले असतील?”

थाप थांबली. “असं मी म्हणाले का?” आत्या म्हणाली. मग परातीकडंच बघत, “तिच्या नवऱ्याची तारीख कधी आहे?”

“मंगळवारी.”

आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली. जळाली होती.

परत फिरताना हेमाला तुळशीकट्ट्यावर चुलीचा चिमटा दिसला. धुतलेला, उन्हात वाळत टाकलेला. चुलीचा चिमटा कोण धुतं गं? राखेतला चिमटा राखेतच असतो. पण डोक्यात आधीच एवढी भाऊगर्दी होती की हेही त्यातच जाऊन पडलं.

रविवारी दुपारी सगळे लवंडले तेव्हा ती खुरपं घेऊन जास्वंदीखाली बसली. माती मऊ होती. दोन बोटं खाली पळसाचं पान लागलं. पानाची घडी उलगडली तर आत राजा. शेजारी दुसरी घडी, तिसरी घडी. तिघंही तिथंच. शेपट्यांच्या झिरमिळ्या झालेल्या, कल्ल्यापाशी खवले उडालेले.

अन् प्रत्येक माशाच्या तोंडावर एकेक तुळशीचं पान ठेवलेलं.

४

सांग, चोर असं करंल का? चोरून न्यायचं, खायचं नाही, विकायचं नाही, पळसाच्या पानात गुंडाळून तोंडावर तुळशीपत्र ठेवून पुरायचं? हेमानं हिशोब लावला. म्हणजे चोरी नव्हतीच. मासे मेलेले होते. मारले कुणी अन् पुरले कुणी? एक का दोन? का एकानंच दोन्ही केलं?

तिनं घड्या पुन्हा तशाच मिटल्या, माती लोटली, हात धुतले अन् पेटीपुढं येऊन बसली. शिपाई कोपऱ्यात एकटाच. अण्णा तर सकाळपासून त्याच्यासाठी हळहळत होते. “एकटा पडला बिचारा. मुंबईला कळवतो, असलाच दुसरा जोडीदार धाडा म्हणून.”

बघता बघता शिपायानं तोंड खाली घातलं, घासभर वाळू तोंडात घेतली, वीतभर लांब जाऊन थुंकली. पुन्हा आला. पुन्हा घास. पुन्हा थुंकला.

चोराचा हात तो हाच!

बरं, खड्डा याचा. पण खड्डा खणणं म्हणजे काही खून नाही. मोठ्या दगडामागं काय आहे ते तिला दिसेना. तिथं कुणी लपलंय का, हाडं पडलीत का? तिनं अण्णांचा दाढीचा आरसा आणला अन् काचेला बाहेरून टेकवला, की तिरपं बघता येईल.

ठक!

आरसा तिच्या हातातून सुटता सुटता राहिला. शिपाई आरशावर धावून आला होता. कल्ले फुगवलेले, अंगाचा लाल रंग असा पेटलेला की इंगळ. मागं सरला अन् पुन्हा, ठक! काचेवर तोंड आपटलं. आरशातला लाल मासाही कल्ले फुगवून याच्यावर धावायचा, अन् हा आणखीनच पिसाळायचा.

हेमानं आरसा काढला. शिपाई गार. मिशावाला मासा त्याच्या शेपटीखालून हळूच गेला, यानं ढुंकून बघितलं नाही.

आरसा लावला. ठक!

बन्सीधरचं दार वाजवणारं भूत! पहाटे त्याचा दिवा लागला की काचेत शिपायाला आपलंच रूप दिसत असणार.

मिशावाले का वाचले? ते याच्यासारखे दिसत नव्हते म्हणून. तिघं का मेले? ते याच्यासारखे दिसत होते म्हणून! अण्णांनी त्यांना जगवायला जे बघून निवडलं, त्याच्यापायीच ते मेले.

सुटली केवळाबाई, असं वाटून ती उठली, अन् दोन पावलांवरच थबकली. अण्णा पहिला सवाल काय टाकतील? बरं, यानं मारले. मग प्रेतं कुणी हलवली? ज्यानं हलवली त्यानं तीन वेळा लपवलं, अन् एका गरीब बाईवर आळ आला तरी तोंड उघडलं नाही.

तुळशीपत्र. धुतलेला चिमटा. अन् सोमवारी, बेस्तरवारी, शनिवारी दुसरी आंघोळ.

मेलेल्याला शिवल्यावर पुन्हा न्हाल्याबिगर सोवळं नेसता येत नाही, असं या घरात एकच माणूस पाळत होतं.

५

“आत्या,” हेमा उंबऱ्याबाहेरून म्हणाली, “जास्वंदीखाली तुळशीपत्र तू ठेवलंस ना?”

आत्या वाती वळत होती. हात थांबले नाहीत. कापूस मात्र पीळ घेईना.

“मुक्या जिवाला तेवढंही नको का?” ती म्हणाली. मग एकदम रडायला लागली, पण आवाज न करता, जसं पाहुण्यांच्या घरात रडतात तसं. “मीच मारले गं ते. मला वाटायचं, नदीवर माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात, पुण्य लागतं. हे तर घरातच आलेत. रविवारी तुम्ही सगळे निजलात तेव्हा झाकण काढून गोळ्या टाकल्या. सोमवारी पहाटे बघते तर एक मेलेला. तरंगत होता.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? हात लावू नको म्हणून बजावलेली वस्तू मी मारली म्हणू? त्यानं लेकरासारखे मांडीवर आणले होते ते. मी चिमट्यानं उचलला अन् पुरला. त्यानंतर गोळी नाही टाकली, देवाशपथ. तरी गुरुवारी दुसरा. मला वाटलं, विष उतरलं असंल पाण्यात. पहिलं लपवलं तेव्हा दुसरं कोणत्या तोंडानं सांगायचं?”

“अगं, तू नाही मारले! शिपायानं मारले.”

हेमानं आरशाचं सांगितलं, दोनदा सांगितलं. आत्याच्या डोळ्यांत आधी काहीतरी हललं, उजेड पडल्यासारखं. अन् लगेच विझलं.

“पण केवळीचं नाव निघालं तेव्हा मी गप्प राहिले ना,” ती म्हणाली. “ते तर मीच केलं.”

“दत्तू मला काय म्हणेल ठाऊक आहे? काही नाही म्हणणार. नुसता बघेल. हेमे, मला जायला सासर नाही, माहेर म्हणजे हेच. भावाच्या घरात विधवेनं एवढंच जपायचं असतं, की त्यानं तसं बघू नये.” तिनं डोळे पुसले. “तू सांग त्याला. तुला सांगावंच लागेल. येडबा आत जायला नको. पण मी असताना नको सांगू. मी देवघरात जाऊन बसते.”

सांगू का नको सांगू? केवळाबाईनं वाढवलं, आत्यानं घर राखलं. एकीचं तोंड धुवायला जावं तर दुसरीच्या तोंडाला काळं लागायलंय.

अन् सोमवारची दिवेलागण झाली.

६

अण्णांनी दिवाणखान्यात जणू कोर्टच भरवलं. स्वतः खुर्चीत, बन्सीधर सतरंजीवर, केवळाबाई दाराशी पदराचं टोक दातात धरून. आत्या आत देवघरात. घंटेचा आवाज येत होता.

“मुल्जिम हाजिर करा,” अण्णा म्हणाले. आरोपीला ते अजून मुल्जिमच म्हणायचे.

हेमानं आरसा काचेला लावला.

ठक!

अण्णा खुर्चीतून अर्धे उठले. हेमानं आरसा काढला, लावला, काढला. पुढं केला, मागं केला. शिपाई दर वेळी धावून आला. बन्सीधर ओरडला, “हाच! हाच तो दार वाजवणारा!”

“अण्णा,” हेमा म्हणाली, “बघा, मिशावाल्याला हा विचारत नाही. रंग निराळा, अंगलट निराळी. पण आपल्यासारखा दुसरा दिसला की याला वाटतं, माझी जागा घ्यायला आला. वाळूत घर तोच खणतो. दुकानदार खोटं नव्हता बोलत. माझं वसमतचं स्थळ एकनाड आली म्हणून तुम्ही परत धाडलंत ना? एका नाडीची दोघं एका घरात नांदत नाहीत म्हणालात. अन् इथं एकाच नाडीचे चौघं एका पेटीत कोंबलेत!”

बन्सीधरला पुन्हा सुपारी लागली. या बारीला अण्णा काही म्हणाले नाहीत. काचेजवळ गेले, वाकले, शिपायाकडं लय वेळ बघितलं.

“मीच मारले म्हण की,” ते हळूच म्हणाले. “निवडून निवडून मारले.”

केवळाबाईनं पदर सोडला. सुटलो, असं तिला वाटलं असंल. पण वकील तो वकील. वळला.

“पण प्रेतं? झाकण याला उघडत नाही. मागच्या पायरीवर हा गेला नाही. मेलेले मासे कुणी उचलले?”

देवघरातली घंटा थांबली.

हेमानं केवळाबाईकडं बघितलं. केवळाबाई देवघराच्या दाराकडं बघत होती. सोमवार, बेस्तरवार, शनिवार. पाणी तिनंच शेंदलं होतं ना गं. तिला आता सगळं कळलं होतं, तोंडावरूनच दिसायलं. एक शब्द बोलली असती तर तिचं नाव साफ झालं असतं. ती खाली बघत राहिली.

“मी पुरले, अण्णा,” हेमा म्हणाली. “जास्वंदीखाली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मग केवळाबाईवर आलं, अन् तुमची भीती वाटली.”

“पहाटे?”

“हो.”

“तिन्ही वेळा पहाटे?”

“हो.”

“हेमा,” अण्णा म्हणाले, “अठरा वर्षांत तू एकदा तरी पहाट बघितलीस का?”

बन्सीधर हसणार होता, त्यानं तोंडावर हात दाबला. अण्णांची नजर हळूहळू देवघराच्या दारावर गेली. बंद दार. आत बारीकसा आवाजही नाही, माणूस श्वास धरून बसलं की कसं असतं तसं. अण्णांनी तोंड उघडलं. जन्मभराची सवय गं, पुढचा सवाल जिभेवरच असणार.

मग त्यांनी तोंड मिटलं.

“गवाह साफ खोटं बोलायलाय,” ते म्हणाले. “पण मला जिरह करायची नाही. जिरह बंद.”

अन् केवळाबाईपुढं येऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत, असली माणसं हात जोडत नाहीत. पण मान खाली घालून म्हणाले, “उद्या येडबाला लवकर पाठव. अन् ती दोन भांडणाची जनावरंही आणायला सांग. मासा गवाही देतो तर एडक्यानं काय घोडं मारलंय?”

मंगळवारी कोर्टाच्या आवारात त्यांनी खरंच ते एडके सोडायला लावले. एका बाजूला पेडगावची बडी असामी, हातात हरभऱ्याचं टोपलं. दुसऱ्या बाजूला येडबा, हात रिकामे. येडबानं जिभेनं नुसतं ‘ट्ट्र्र’ केलं. दोन्ही एडके टोपल्याला ओलांडून सरळ त्याच्या मांडीला जाऊन घासायला लागले. आख्खं आवार हसलं. येडबा सुटला.

शिपाई पेटीत एकटाच लाल राहिला, मिशावाल्यांच्या सोबतीनं. अण्णांनी मुंबईला निरोप धाडला, पण आता असा, की तुम्हाला योग्य वाटेल तो रंग द्या, फक्त लाल नको. अन् दगडाच्या फटीत कणकेचा लपका त्यांना दिसला असणार, पेटीच्या झाकणावर कणकेच्या दोन गोळ्या ठेवायला त्यांनी सुरुवात केली. आत्याला म्हणाले, “तू टाकत जा. मला वेळ नसतो.” बस्स, एवढंच. त्या घरात त्या गोष्टीवर पुन्हा कुणी अक्षर काढलं नाही.

फक्त केवळाबाई काय करायची सांगू? बुधवारपासून न्हाणीच्या दाराशी आत्याची घागर भरून ठेवायची, अन् तिच्या शेजारी दुसरी भरून ठेवायची. न सांगता. आत्यानं पहिल्या दिवशी विचारलं, “ही कशाला?”

“असू द्या,” केवळाबाई म्हणाली. “लागली तर.”

आत्या त्या दुसऱ्या घागरीकडं बघत किती वेळ उभी होती म्हणतेस!

आता बोल तू. केवळाबाईला चोर म्हणाले ते सगळ्यांदेखत, अन् आत्याचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. हेमा खोटं बोलली ते चांगलं केलं का वाईट, मला अजून उमगलेलं नाही. त्या दिवाणखान्यात, हातात आरसा धरून, इकडं केवळाबाई अन् तिकडं ते बंद दार, अशी तू उभी असतीस, तर तू काय केलं असतंस गं?